न उपटलेली तुतीची रोपं

दुपारी जेवणं उरकून घर लवंडलं की मी लिहायला बसते. लढाई सुरू झाल्यापासून रॉकेल मिळत नाही आणि आमच्या जैनाच्या घरात दिवस मावळायच्या आत चूल विझते, त्यामुळे लिहायला हीच वेळ. चौथीपर्यंत शिकले त्याचा उपयोग एवढाच. चारचौघांत मला बोलता येत नाही. कुणी काही मागितलं तर नाही म्हणवत नाही, कुणी टोचून बोललं तर उत्तर सुचत नाही. सुचतं ते माणूस निघून गेल्यावर. कागदापुढं तसं होत नाही.

आमच्या परड्यात तुतीची झाडं आहेत आणि गावातल्या जवळजवळ प्रत्येक जैन घरामागं एकतरी आहे. बाहेरगावचा पाहुणा आला की हमखास विचारतो, तंबाखूच्या मुलखात एवढ्या तुती कशा काय? घरचे हसून विषय बदलतात. मी आत निघून जाते. झाड लावल्याचा अपराध वाटावा असं कुणी ऐकलं नसेल, पण मला वाटतो.

माझं माहेर बेळगावात, खासबागेत. वडील खडेबाजारातल्या एका कापडाच्या दुकानात कामाला होते. आमच्या आजूबाजूला विणकरांची घरं. दिवसभर मागांचा खडखडाट चालायचा. तो थांबला की आम्हाला चुकल्यासारखं वाटायचं. गल्लीच्या टोकाला विहिरीपाशी तुतीचं जुनं झाड होतं. शिमग्याच्या आगेमागे ते फळांनी काळं व्हायचं. शेजारच्या विणकराची मुलगी आणि मी, आम्ही दोघी एकाच वर्गात होतो. शाळेतून आलो की परकराचा ओचा धरून झाडाखाली. आई म्हणायची, "खाऊ नका गं, बारीक जीव असतात त्यात." म्हणायची आणि पाठ फिरवून आत जायची. शहरात राहून आमच्या घरचे नेम जरा सैल झाले होते.

लग्न होऊन निपाणीजवळच्या ह्या गावात आले. घर मोठं, जमीन चांगली, सगळं पीक तंबाखूचं. परडं मात्र उघडं बोडकं. भिंतीला लागून म्हशीचा गोठा आणि उन्हात तापलेली जमीन. पहिली काही वर्षं मला त्या परड्यात गेलं की कसंतरीच व्हायचं. मग एकदा माहेरपणाला गेले असताना येताना ओंजळभर पिकलेल्या तुती मी रुमालात बांधून आणल्या. सासरी ते फळ चालत नव्हतं, म्हणून खायचा प्रश्नच नव्हता. मी ती फळं पाण्यात कुस्करली, गर वर तरंगला तो ओतून दिला आणि तळाशी बसलेलं बी राखेत घोळून सावलीत वाळवलं. मोहरीपेक्षाही बारीक बी.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी विचारलं, "काय वाळवत घातलीस?"

"झाडाचं बी हाय, आत्याबाई. म्हशीला सावली हुईल."

"कसलं झाड?"

"तुतीचं."

"फळ खायचं न्हाय, मग लावायचं कशाला?" एवढंच बोलून त्या गेल्या. सावलीसाठी हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. मला माझ्या गल्लीतलं झाड हवं होतं. अपराध तिथूनच सुरू झाला असं मला आता वाटतं.

तंबाखूचं बीही धुळीसारखंच असतं, त्यामुळे ते कसं टाकायचं हे घरात बघून ठाऊक होतं. चाळलेल्या राखेत बी मिसळायचं, म्हणजे एका जागी पडत नाही, आणि वरून बोटभरसुद्धा माती घालायची नाही. मी एका पसरट मातीच्या परळात शेणखत आणि माती चाळून भरली, बी विखुरलं आणि वर ओलं गोणपाट टाकलं. राख बहुतेक कमी पडली असावी. पंधरवड्याने गोणपाट उचलून बघते तर परळभर हिरवं. मधे माती दिसेना इतकी दाट रोपं उगवली होती. प्रत्येकाला दोन इवली पानं.

अशा दाटीत काही जगत नाही. तंबाखूच्या वाफ्यात गडी काय करतात ते मी बघितलं होतं. दोन बोटांच्या अंतरावर एक ठेवायचं, मधली उपटून टाकायची. मी उकिडवी बसून चिमटीने पहिलं रोप धरलं, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"काय करतीस गं?"

ह्या आक्का. माझ्या थोरल्या नणंद. बारा-तेरा वर्षांच्या असताना नवरा गेला आणि त्या माहेरी आल्या त्या कायमच्याच. दिवसातून एकदाच जेवायच्या. चालताना खाली बघून पाऊल टाकायच्या. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळायच्या आणि गाळून झालं की ते फडकं उलटं धरून, वरचे बारीक जीव सांभाळून त्याच विहिरीत परत सोडायच्या. दुसऱ्या कुणी हे काम घाईनं केलं तर त्यांना चालत नसे. पण त्या कधी कुणावर ओरडायच्या नाहीत. ह्या घरात माझ्याशी हळू आवाजात बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

"दाट झाल्यात आक्का. थोडी उपटली तर बाकीची जगतील."

आक्का माझ्याजवळ बसल्या. परळाकडं बघत राहिल्या. "ह्यातलं कुठलं ऱ्हाणार, कुठलं जाणार, ते तू ठरवनार व्हय?"

मी चिमटी सोडली.

"तंबाखूचं गडी करत्यात तसंच की, आक्का."

"ते पोटासाठी करत्यात. तू हौसेला केलीस. हौसेपायी कशाला मारायचं?" मग म्हणाल्या, "सगळीच जगवू की. बघू तर."

असलं कुणी शेतकऱ्यानं ऐकलं असतं तर पोट धरून हसला असता. पण आम्ही दोघी ते करायला बसलो. खराट्याच्या काडीने एकेक रोप मुळासकट उचलायचं आणि वेगळं लावायचं. कुठं लावायचं? करवंट्या भरल्या. फुटक्या गाडग्याच्या खापऱ्या भरल्या. पळसाच्या पानांचे द्रोण टाचून ते भरले. चातुर्मास लागला की आक्का मातीत हात घालत नसत, म्हणून त्याच्या आत संपवायची घाई. दुपारी सगळी निजली की आम्ही दोघी परड्यात, वर ताणलेल्या कांबळ्याच्या सावलीला. एखादं रोप हातात मोडलं तर आक्का ते द्रोणात तसंच उभं करून ठेवायच्या, पाणी घालायच्या, अगदी ते वाळेपर्यंत.

घरात चेष्टेला ऊत आला. हे सकाळी परड्यात तोंड धुवायला गेले आणि ओरडले, "अगं, तांब्या कुठं हाय? त्यात पण झाड लावलंसा व्हय?"

आत्याबाई चुलीपासून म्हणाल्या, "आता तुझ्या टोपीत लावायची ऱ्हायलीया तेवढी."

आक्का हसल्या. तोंडावर पदर घेऊन, पण खांदे हलत होते. त्यांना असं हसताना मी तोवर बघितलं नव्हतं. ते दिवस मला फार आवडले. हे लिहिताना वाईट वाटतं, कारण पुढचं सगळं त्या आवडीतून झालं.

रोपं वीतभर झाली. पाऊस लागून जमीन भिजली होती. आमच्या परड्यात मावतील तेवढी लावली. बाकीचं काय करायचं? टाकायची तर नाहीतच. मग आक्कांनी मार्ग काढला. बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, दर्शनाला जाताना त्या एक टोपली रोपं घेऊन जायच्या आणि येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात एक द्यायच्या. "घे बाई. जीव हाय, जगव." बस्तीत दिलेलं नाही कोण म्हणणार? असं करत सगळी रोपं गावभर गेली. एकही उपटलं नाही, एकही टाकलं नाही. आक्कांच्या आयुष्यात स्वतःच्या मनानं केलेलं आणि तडीस गेलेलं ते पहिलंच काम असेल.

तिसऱ्या वर्षी झाडं माणसाच्या वर गेली.

त्याच सुमारास माझी माहेरची मैत्रीण, ती विणकराची मुलगी, गावात राहायला आली. तिचं लग्न आमच्याच गावच्या एका विणकराशी झालं होतं. इतके दिवस ती दोघं खासबागेतच राहत होती. नवरा छातीच्या दुखण्यानं मागावर बसेनासा झाला, तेव्हा बिऱ्हाड इथल्या घरात हलवलं. तीन मुलं. मला बघून तिनं रस्त्यातच मिठी मारली. "अगं, तू तर चांगली गुबगुबीत झालीस की गं! जैनाचं तूप मानवलं." मी लाजून इकडंतिकडं बघायला लागले. ती होती तशीच होती, तोंडाची फटकळ, हाताची चलाख.

चार दिवसांनी ती घरी आली आणि परड्यात जाऊन उभीच राहिली. "एवढी तुती! आनि तुमी काय करतासा हिचं?"

"काय न्हाय. सावली."

"सावली म्हणं!" तिने कपाळावर हात मारला. तिचा भाऊ म्हैसूरकडं रेशमाच्या कामाला होता. पुढच्या खेपेला त्याने कागदावर चिकटवलेली अंडी आणून दिली. खसखशीसारखी. तिने घरात बांबूच्या दुरड्या मांडल्या आणि किडे पाळायला सुरुवात केली. पाला लागायचा तो आमच्या परड्यातून आणि गावातल्या दुसऱ्या घरांतून. माझ्याकडं मागितला, मी नाही म्हटलं नाही. म्हणायचं कारणही वाटलं नाही. तिच्या घरी चूल पेटत होती ती त्यावर.

आक्कांना किडे फार आवडले. हे मी लिहिते आहे ते विचित्र वाटेल, पण तसंच होतं. त्या स्वतः पाला तोडायच्या, कोवळा वेगळा, जून वेगळा, आणि दुपारी माझ्याबरोबर तिच्या घरी यायच्या. दुरडीत पाला पसरला की पांढरे किडे हलायला लागायचे आणि मग खाण्याचा आवाज. आमच्या घरात वाळला तंबाखू हातांनी चोळतात तसा. आक्का दुरडीपाशी बसून राहायच्या.

"खाऊ दे, खाऊ दे. भूक लागलीया बाळास्नी."

मैत्रीण मला डोळा घालायची. "तुमच्या आक्का आल्या की किडं दुप्पट खात्यात बघ."

आक्कांना वाटत होतं, आपण जगवलेल्या रोपांवर आता हजारो जीव जगताहेत. त्या तसं बोलूनही दाखवायच्या. आणि मी? रेशीम कसं निघतं हे खासबागेतल्या मुलीला ठाऊक नसेल असं कसं होईल? मला ठाऊक होतं. आक्कांना ठाऊक नाही हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. एवढ्या मोठ्या बाईला, जी फडक्यावरचे जीव विहिरीत परत सोडते, तिला हे कुणी सांगितलं नसेल, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. किंवा शिरायला आलं असेल आणि मी दार लावून घेतलं असेल. आज मला खात्रीनं सांगता येत नाही.

किडे कोशात गेले. तुरीच्या काटक्यांवर पिवळसर कोश लटकले. आक्कांनी एक कोश तळहातावर घेतला. कानाशी नेऊन हलवून बघितला.

"आत झोपलंय न्हवं? पाखरू कवा निघतंय ह्यातनं?"

मैत्रीण सूत काढायची तयारी करत होती. चुलीवर हंडा होता. मागं न बघता म्हणाली, "पाखरू निघू दिलं तर धागा तुटतोय की, आक्का. त्याच्या आत उकळायचं."

"काय उकळायचं?"

"कोश."

"आनि आतलं?"

मैत्रिणीनं वळून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. आक्कांनी तो कोश हळूच होता तिथं काटीवर ठेवला आणि पदर सावरून उठल्या. घरी आल्यावर एवढंच विचारलं, "तुला ठाव हुतं?"

मी मान डोलावली.

"मला सांगायचं न्हाईस?"

"तुमास्नी ठाव असंल असं वाटलं, आक्का."

त्यावर त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "माझ्याच हातनं झालं. तू तर उपटायलाच बसली हुतीस. मीच धरला तुझा हात." बी मी आणलं, पाला मी दिला, ठाऊक मला होतं, आणि त्यांनी सगळं स्वतःच्या नावावर घेतलं. माझ्या वाट्याला काही ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बस्तीत देवापुढं उभं राहून त्यांनी नेम घेतला: गावात ह्या तुतीच्या पाल्यावरचे किडे उकळले जातायत तोवर मीठ खायचं नाही. नेम त्या कुणाला सांगणार नव्हत्या, पण जेवताना आत्याबाईंनी आमटीवर मीठ वाढायला हात पुढं केला तेव्हा सांगावंच लागलं. आत्याबाई माझ्याकडं वळल्या. "सावली पायजे हुती न्हवं? घे आता सावली."

कोश दर दीड-दोन महिन्यांनी निघायचे, आणि बियाण्यापुरते थोडे राखून बाकीचे मैत्रीण उकळायची. दुसऱ्या वेळचे उकळले तेव्हा आक्कांनी गूळ सोडला. तिसऱ्या वेळी दूध, दही, तूप. पुढं तेल. एक वेळचं जेवण, त्यात कोरडी भाकरी आणि डाळीचं अळणी पाणी. बांगड्या नव्हत्याच हातात, त्यामुळे मनगट किती बारीक झालं ते लगेच दिसायचं. उठताना भिंत धरायला लागल्या. विहिरीवरून कळशी आणायचं मी त्यांच्याकडून काढून घेतलं. आता सोडायला उरलं होतं ते धान्यच. पुढच्या खेपेला त्या भाकरी सोडणार हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं, आणि त्यानंतर काय होणार तेही.

ह्यांनी एकदा कुऱ्हाड काढली. "झाडंच तोडतो. कटकटच मिटंल."

आक्का परड्याच्या दारात उभ्या राहिल्या. "अण्णा, ती जगवलीत मी." त्या धाकट्या भावाला अण्णा म्हणायच्या. "ती तोडलीस तर मी कशासाठी सोडलं सगळं?" ह्यांनी कुऱ्हाड परत ठेवली. शिवाय एक आमच्या परड्यातली तोडून काय होणार होतं? झाडं गावभर होती.

शेवटी मी माझ्या मैत्रिणीकडं गेले. वाटेत सगळं बोलणं मनात जुळवलं होतं. तिच्या दारात गेल्यावर त्यातलं निम्मं विसरले.

"पाखरं जाऊ देत न्हाईस का गं?" मी म्हटलं.

"आनि फुटक्या कोशाचं सूत घेनार कोन? तू?"

"आक्का भाकरी सोडणार हाईत."

तिचे हात थांबले नाहीत. कोशांवरचा विस्कटलेला धागा काढत होती. "मला वाईट न्हाय वाटत व्हय? त्यांनी माझ्या किड्यास्नी बाळ म्हटलेलं हाय. पण त्यांनी भाकरी सोडली तर त्यांचा नेम. मी सोडली तर माझी पोरं उपाशी." मग मान वर करून म्हणाली, "एक विचारू? तुमच्या तंबाखूवर अळ्या पडत्यात त्यांचं काय करतासा? पाळण्यात घालून झोका देतासा व्हय?"

गडी पानावरच्या अळ्या वेचून डब्यात टाकतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे, आक्कांनाही. त्या शेतात कधी जात नसत.

मी तशीच परत आले. दुसऱ्या दिवशी ती पाल्याला आली तेव्हा मी तिला पाला दिला. एका हाताने आक्कांना अळणी वाढायचं आणि दुसऱ्या हाताने हिला पाला द्यायचा. दोघींपैकी कुणालाच नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. माझ्या भिडस्तपणामुळं लोक मला गरीब म्हणायचे, सुशील म्हणायचे. माणसाचा जीव जायची वेळ आली तरी ज्याला तोंड उघडता येत नाही त्याला सुशील म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

त्या वर्षी तंबाखू चांगला आला. एरवी आमचा माल कच्चाच निपाणीच्या वखारीत जायचा. त्या वर्षी ह्यांनी ठरवलं, घरीच कुटून चाळून द्यायचा. बायका लावल्या. त्या बसणार कुठं, तर अर्थात परड्यात, तुतीच्या सावलीला. सावली आता चांगली झाली होती. दिवसभर कुटायचं आणि चाळायचं. तंबाखूची धूळ एवढी की घरातल्या सगळ्यांना शिंका, म्हशीच्या डोळ्यांतून पाणी. संध्याकाळी झाडांची पानं तपकिरी दिसायची. आम्ही पदराने तोंड पुसत होतो, पानं कोण पुसणार?

मैत्रीण आली, पाला मागितला. किडे कोशात जायच्या आधीच्या शेवटच्या भुकेला आले होते. त्या दिवसांत त्यांना पाला कितीही कमीच पडतो. मी झाडावरून काढून दिला. तिने झटकून टोपलीत भरला. "तुमच्या घरात शिंकून शिंकून माणूस मरंल," असं म्हणून हसत गेली.

सकाळी तिची थोरली मुलगी धावत आली. "आईनं बोलवलंय. लवकर या."

दुरड्यांत किडे मान वर करून ताठ झाले होते. काही वळवळत होते. तोंडातून हिरवं पाणी येत होतं, अंग आखडून निम्मं झालं होतं. एकाही दुरडीतला वाचला नव्हता. मैत्रिणीने पाला नाकाशी धरला, मग माझ्या नाकाशी धरला. मला शिंक आली.

ती रडली नाही. नवरा आतून खोकत विचारत होता, काय झालं, काय झालं.

मला तिथं उभं असताना काय वाटलं ते लिहायलाच मी आज बसले आहे. पहिल्यांदा वाटलं, आता आक्का जेवतील. समोर तिचं घर बसलं होतं, तिची मुलं दाराशी उभी होती, हजारो जीव तडफडून मेले होते, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे. सुटल्यासारखं वाटलं. लगेच तिच्यासाठी वाईटही वाटलं, पण ते दुसऱ्यांदा.

अंडी पुन्हा आणायची तर भावाला पुन्हा म्हैसूरहून यावं लागणार, आणि पाला कुठला देणार? गावात प्रत्येक घरी तंबाखू, आणि आमचं बघून बाकीचीही आता घरीच कुटायला लागली होती. तिच्या लक्षात ते माझ्याआधी आलं. आठ दिवसांत तिने दुरड्या विकल्या आणि नवऱ्याला आणि मुलांना घेऊन खासबागेत भावजयीकडं राहायला निघाली. तिकडं दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरायचं काम मिळणार होतं. गाडी दारात उभी होती. मी भाकरी आणि चटणी बांधून नेली होती. तिने गाठोडं घेतलं, पोरांच्या मधे ठेवलं.

"आक्का जेवल्या का गं?" तिने विचारलं.

"अजून न्हाय. तू गाव सोडल्याबिगर बंद झालं असं धरत न्हाईत त्या."

"सांग जा. तुमचा देव लई हुशार हाय. तुमच्या आक्कांचं ताट वाढायचं हुतं म्हणून माझी चूल इझवली." ती हसून बोलली. गाडी हलली तेव्हा तिने माझ्याकडं बघितलं नाही, मुलांचं डोकं सावरत राहिली.

घरी आले. आक्का जेवायला बसायच्या होत्या. चातुर्मास नव्हता, सण नव्हता, साधा दिवस होता. आत्याबाईंनी आमटीत मीठ घालून ठेवलं होतं. नेमाची मुदत संपली होती. किडे उकळणं बंद झालं होतं. बस्तीतल्या उपाध्यांनीही तसंच सांगितलं होतं. मी पाट मांडला, ताट ठेवलं. घरातलं प्रत्येक माणूस काही ना काही निमित्त काढून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन गेलं.

"गेली?" आक्कांनी विचारलं.

"गेली."

"काय म्हणाली?"

मला "काही नाही" असं म्हणता आलं असतं. गप्प राहणं मला येतंच. आणि गप्प राहिले तर त्या जेवतील, सांगितलं तर बहुतेक ताट सारतील, हे दिसत होतं. हातात आमटीचा डाव धरून मी उभी राहिले. पण एकदा ठाऊक असून सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. तिचे शब्द होते तसे सांगितले, चुलीचे, देवाचे. माझ्या मनात दुरड्यांपाशी पहिलं काय आलं होतं तेही सांगितलं. एवढं सलग मी आयुष्यात कुणाशी बोलले नसेन.

आत्याबाई ओरडल्या, "आताच सांगायचं हुतं व्हय हे? गिळू द्यायचं न्हाय तिला?"

आक्का ताटाकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "खरं बोलली ती. मी सोडत गेले आनि मला वाटलं, मी काहीतरी करतीया. सोडायला मला काय लागतंय? तेराव्या वर्षापासनं तेच करतीया." त्यांनी ताट पुढं ओढलं. "वाढ."

"आक्का..."

"वाढ म्हणते न्हवं? आमटी वाढ. वरनं मीठ दे."

मी वाढलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. कित्येक महिन्यांनी मीठ लागलं, त्यांचे डोळे मिटले. गिळायला वेळ लागला. दुसरा घास घेतला. त्या खात होत्या, एकेक, काहीच न टाकता, जसं आम्ही दोघींनी एकेक रोप उचललं होतं तसं. आत्याबाई पदराने डोळे पुसत होत्या. त्यांना आनंद झाला होता. त्या आनंदात मला जाता येत नव्हतं.

"आनि वाढू?" मी विचारलं.

"वाढ," आक्का म्हणाल्या. "तिच्या पोरांनी खाल्लं असंल का गं आता?"

"वाटेत असतील अजून. भाकरी दिलीया मी."

"मीठ घातलं हुतंस चटणीत?"

"व्हय."

त्यांनी मान हलवली आणि पुढचा घास घेतला. मी डाव घेऊन उभी राहिले. त्या दिवशी मी जेवले नाही, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मीही कुणाला सांगितलं नाही.